मोटरहोममागे मोटार जोडलेली असताना बर्फात टायरला साखळ्या कशा लावाव्यात

धुळ्यात मुंबई-आग्रा महामार्गालगत माझे टायरचे दुकान आहे. गेल्या काही वर्षांत दुकानात येणारी ओळखीची माणसे मला एक प्रश्न वारंवार विचारू लागली आहेत. शिरपूर, अमळनेर, चोपडा, फैजपूर अशा गावांतल्या अनेक घरांतील मुले-मुली आज अमेरिकेत आहेत. नाताळच्या सुट्टीत ती भाड्याचे किंवा स्वतःचे मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, काढतात, त्याच्या मागे घरची लहान मोटार जोडतात आणि कधी इकडून गेलेल्या आई-वडिलांनाही सोबत घेऊन डोंगर ओलांडून निघतात. वाटेत "चेन लावा" असा फलक दिसतो आणि गाडीतल्या कोणालाच ती कशी लावायची हे ठाऊक नसते. माझा धाकटा भाऊ ओरेगॉन राज्यात राहतो. त्याच्याबरोबर हा प्रकार मी स्वतः बर्फात गुडघे टेकवून केलेला आहे, म्हणून त्या अनुभवावरून आणि टायरच्या धंद्यात शिकलेल्या गोष्टींवरून हे सविस्तर लिहीत आहे.

खान्देशातल्या माणसाला टायरला साखळी गुंडाळणे अगदीच अनोळखी नाही. पावसाळ्यात रावेर-यावलकडे केळीचा ट्रक काळ्या मातीत रुतला की चालक मागच्या जोडचाकांभोवती साखळी किंवा जाड दोर आवळतो आणि दहा-पंधरा माणसांच्या रेट्याने गाडी बांधापर्यंत आणतो. तेथे साखळीचे काम शंभर पावलांत संपते. बर्फातली साखळी मात्र कित्येक किलोमीटर चाकावर राहते, घाट चढते आणि उतरतेही. चिखलात गाडी पुढे सरकली म्हणजे काम झाले असे आपण समजतो, बर्फात मात्र गाडी थांबली पाहिजे ही त्याहून मोठी गरज असते. मोटरहोममागे मोटार जोडलेली असते तेव्हा हा फरक जिवावर बेतू शकतो, आणि पुढचे सारे सांगणे याच एका गोष्टीभोवती आहे.

एक खुलासा येथेच करतो. आपल्याकडे धडधाकट मोटार दुसऱ्या वाहनाच्या मागे चाकांवर ओढत नेण्यास वाहतुकीचे नियम परवानगी देत नाहीत. ती मुभा मुख्यतः बिघडलेले वाहन किंवा नोंदणी झालेला ट्रेलर यांच्यापुरती आहे. त्यामुळे हा लेख तिकडच्या रस्त्यांसाठी आहे. मनाली किंवा गुलमर्गला जाणाऱ्यांना यातला साखळीचा भाग तेवढा उपयोगी पडेल.

आधी आकडे पाहावेत

मोटरहोमचे वजन १० टन आणि मागच्या मोटारीचे दीड टन धरू. वेग ताशी ४८ किलोमीटर, म्हणजे ३० मैल, धरू. साखळी लावल्यावर यापेक्षा जास्त वेगाने जाऊच नये अशी ही मर्यादा आहे. टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाचा गुणांक, म्हणजे पकड किती आहे याचे माप, कोरड्या डांबरावर सुमारे ०.७, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर सुमारे ०.२५ आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर सुमारे ०.१ असतो. ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर या हिशेबाने सपाट कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटर, दाबलेल्या बर्फावर ३६ मीटर आणि काचेसारख्या थरावर ९० मीटर येते. हाच थर शंभराला सहा अशा उतारावर असेल, तर अंतर सव्वादोनशे मीटरपर्यंत जाते, कारण उतार गाडीला सतत खाली ओढत असतो. आता मागे दीड टनाची मोटार आहे आणि तिला स्वतःचा ब्रेक लागत नाही असे धरले, तर हेच अंतर ३३० मीटरच्या पुढे जाते. ओझे पंधरा टक्क्यांनीच वाढले, पण थांबण्याचे अंतर जवळजवळ दीडपट झाले. हे सारे बिनसाखळीच्या चाकांचे आकडे आहेत. साखळीने पकड वाढते, परंतु ती मोटरहोमच्या मागच्या चाकांपुरती वाढते. मोटार तशीच ढकलत राहते आणि वळणावर मोटरहोमची मागची बाजू कडेला रेटते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, बर्फ पडलेला घाट ओलांडताना मोटार सोडवावी आणि दुसऱ्या चालकाने ती तिच्या स्वतःच्या साखळ्यांवर वेगळी चालवावी. दुसरा चालक नसेल, तर पायथ्याशी मुक्काम करावा आणि रस्ता मोकळा होईपर्यंत थांबावे. मोटरहोममध्ये झोपायची, चहाची आणि जेवणाची सोय असते, मग घाई कशासाठी करायची?

माझा भाऊ ज्या रस्त्याने नेहमी जातो, त्या आय-५ महामार्गावर ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेजवळ सिस्कियू समिट नावाची खिंड आहे. तिची उंची १,३१४ मीटर, म्हणजे आपल्या नंदुरबारच्या अस्तंभा डोंगराच्या १,३२५ मीटरांपेक्षाही किंचित कमीच आहे. ही उंची ऐकून मी निर्धास्त होतो. अस्तंभ्यावर कधी बर्फ साचला आहे का, असा माझा हिशेब होता. परंतु खान्देश २१ अक्षांशावर आहे आणि ती खिंड ४२ अक्षांशावर, आणि सातपुड्यात कडाक्याच्या थंडीत जे दव पहाटे गोठते आणि उन्ह चढताच विरते, त्याच्या जागी तेथे फूटभर बर्फ दिवसचे दिवस राहतो. नकाशावरील उंचीवरून थंडीचा अंदाज बांधू नये, हे मी तेथे शिकलो.

नियम

राज्याराज्यांत नियम निरनिराळे आहेत, तेव्हा ज्या राज्यातून जायचे त्याचे नियम निघण्यापूर्वी वाचावेत. कॅलिफोर्नियात फलकांवर आर-१, आर-२ आणि आर-३ असे तीन टप्पे असतात. आर-१ आणि आर-२ मध्ये बर्फाचे टायर असलेल्या हलक्या वाहनांना किंवा चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांना काही सवलत मिळते, आर-३ मध्ये कोणालाही सूट नसते. मात्र जे वाहन मागे काही ओढत असेल त्याच्या ताकदीच्या एका आसाला, म्हणजे इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते त्यांच्या अॅक्सलला, साखळी लागतेच, आणि ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरला ब्रेक असतील तर त्याच्याही किमान एका आसाला ती लागते. साखळी लावलेल्या गाड्यांना ताशी २५ किंवा ३० मैलांची मर्यादा असते. ओरेगॉनमध्ये मागे काही ओढणाऱ्या किंवा १०,००० पौंडांपेक्षा जड वाहनांना इतरांपेक्षा कडक अटी आहेत. वॉशिंग्टन राज्यात १०,००० पौंडांपेक्षा जड वाहनांनी ठरावीक खिंडींच्या रस्त्यांवर १ नोव्हेंबर ते १ एप्रिल या काळात साखळ्या सोबत बाळगल्याच पाहिजेत, मग त्या दिवशी आकाश निरभ्र का असेना. १०,००० पौंड म्हणजे सुमारे ४,५३६ किलो, आणि बरीचशी मोटरहोम या वजनाच्या पुढेच असतात. रस्त्याची ताजी स्थिती कॅलिफोर्नियासाठी क्विकमॅप आणि ओरेगॉनसाठी ट्रिपचेक या संकेतस्थळांवर दिसते. तेथे खिंडीतल्या कॅमेऱ्यांची छायाचित्रेही असतात, ती अवश्य पाहावीत.

साखळी निवडताना

साखळी गाडीच्या नावावरून घेऊ नये, टायरच्या कडेवर उमटवलेला आकडा वाचून घ्यावी. हे मी टायरवाला म्हणून आग्रहाने सांगतो, कारण आमची पहिली फजिती नेमकी येथेच झाली. भावाने जुने मोटरहोम विकत घेतले होते. एका दुकानात गाडीचे नाव आणि वर्ष सांगून त्याने साखळ्या घेतल्या, दुकानदाराने पुस्तकात पाहून खोके काढून दिले आणि आम्हीही ते न उघडता सामानाच्या कप्प्यात ठेवले. आधीच्या मालकाने टायर बदलून मोठ्या मापाचे बसवले होते. संध्याकाळी बर्फ भुरभुरत असताना, खिंडीच्या अलीकडच्या शेवटच्या वळणरस्त्याला लागून असलेल्या लहानशा जागेत आम्ही साखळी टायरवर टाकली, तेव्हा तिची दोन टोके वीतभर दूर राहिली. कितीही ओढले तरी ती जुळणे शक्य नव्हते. परत फिरावे म्हटले, तर मागे मोटार जोडलेली. चारही चाकांवर ओढलेली मोटार मागे घेता येत नाही, कारण मागे ढकलू लागताच तिची पुढची चाके आडवी वळतात आणि जोडदांडा वाकतो. शेवटी त्या थंडीत मोटार सोडवून, मोटरहोम चार-पाच वेळा पुढेमागे करून वळवून, मोटार पुन्हा जोडून निघेपर्यंत दोन तास गेले आणि भावजय व पुतण्या तेवढा वेळ हातात विजेऱ्या धरून बर्फात उभे होते. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे की, नवी साखळी घरच्या अंगणात, कोरड्या जमिनीवर, एकदा पूर्ण चढवून आणि उतरवून पाहिल्याशिवाय गाडीत ठेवायची नाही.

साखळ्यांचे प्रकार बरेच आहेत. शिडीसारख्या आडव्या ओळींची साखळी स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी असते. चौकटी विणलेली साखळी वळणावर चांगली धरते आणि तिचा धक्काही कमी बसतो. तारेच्या दोरावर लोखंडी नळ्या ओवलेला प्रकार पातळ असतो, त्यामुळे जेथे चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यात जागा कमी आहे तेथे तो चालतो, परंतु जड गाडीखाली तो लवकर झिजतो. टायरवर चढवायचे कापडी मोजे हलक्या मोटारीला तात्पुरते ठीक आहेत. दहा टनांच्या मोटरहोमसाठी मी खऱ्या लोखंडी साखळीचीच निवड करीन, अर्थात जागा असेल तर.

जागेची ही अट मोटरहोमच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. मागच्या जोडचाकांच्या आतल्या बाजूला हवेच्या सस्पेन्शनचे फुगे, ब्रेकच्या नळ्या, सांडपाण्याचे पाइप, कधी गॅसची नळीही जवळून गेलेली असते. साखळीची ढिली कडी सुटून फिरू लागली, तर पहिला फटका यांनाच बसतो. मोटारीसाठी अमेरिकेतील प्रमाणानुसार एस वर्गाच्या, म्हणजे कमी जागेत बसणाऱ्या, साखळीला टायरच्या माथ्यावर किमान ३७ मिलिमीटर आणि कडेला किमान १५ मिलिमीटर मोकळी जागा लागते. मोटरहोमसाठी उत्पादकाच्या पुस्तिकेत साखळीबद्दल काय लिहिले आहे ते वाचावे. काही पुस्तिका साखळी लावूच नका असे सांगतात, काही ठरावीक प्रकारालाच परवानगी देतात. भाड्याच्या गाडीच्या बाबतीत भाडेकराराचे कलमही वाचावे, कारण अनेक करारांत साखळी लावण्यास किंवा बर्फाच्या रस्त्यावर जाण्यास मनाई असते आणि मग नुकसान झाल्यास भरपाई आपल्या खिशातून जाते.

साखळी ताकदीच्या आसावर लागते. बहुतेक मोटरहोममध्ये ताकद मागच्या आसाला जाते. त्याच्या मागे आणखी एक भारवाहू आस असेल, तर त्या आसाची चाके नुसती फिरतात, तेथे साखळी लावून गाडी पुढे सरकणार नाही. जोडचाकांपैकी बाहेरच्या टायरवर एकेरी साखळी लावणे सर्वात सोपे. दोन्ही टायर झाकणारी तिहेरी कड्यांची साखळीही मिळते, तिची मधली कडी दोन टायरांच्या फटीत बसते आणि तिची पकड जास्त असते, परंतु वजन इतके असते की दोन माणसांशिवाय ती हाताळता येत नाही. एकेरी साखळीची आतली कडीही त्याच फटीतून जाते, म्हणून ती फट गारगोट्या, चिखल आणि साचलेल्या बर्फापासून मोकळी करून घ्यावी. सोडवलेल्या मोटारीसाठी वेगळी साखळी घ्यावी. मोटारीची ताकद पुढच्या चाकांना जात असेल तर ती पुढे लावावी, आणि चारही चाकांना ताकद जाणाऱ्या मोटारीच्या बाबतीत तिच्या पुस्तिकेचे ऐकावे.

मोटार सोडवणे

मोटार सपाट आणि सरळ जागीच सोडवावी. वळणावर किंवा उतारावर जोडदांड्यावर ताण येतो आणि त्याच्या खिळी हातोड्याशिवाय निघत नाहीत. पायथ्याच्या गावातील मोठे पार्किंग यासाठी सर्वात चांगले. तेथे मागे घेण्याची गरज न पडता दोन्ही गाड्या निघून जाऊ शकतील अशी जागा निवडावी.

आधी मोटरहोमचा हँडब्रेक लावून त्याच्या चाकांना लाकडी ठोकळे द्यावेत, मग मोटारीचा हँडब्रेक लावून तिच्याही चाकांना ठोकळे द्यावेत. त्यानंतर मोटार सुरू होते का ते पाहावे. चाकांवर ओढताना सुकाणू मोकळे राहावे म्हणून बऱ्याच मोटारींची चावी तासन् तास वळवून ठेवलेली असते, त्यात बॅटरी उतरते, आणि जोड सुटल्यानंतर हे कळले तर थंडीत दुसरी अडचण उभी राहते. मग मोटारीतील पूरक ब्रेकयंत्र (मोटरहोमने ब्रेक लावला की मोटारीचाही ब्रेक लावणारे यंत्र) काढावे, विजेची तार आणि जोड तुटला तर ब्रेक लावणारी आणीबाणीची तार सोडवावी, दांड्याच्या खिळी काढाव्यात आणि सुरक्षा-साखळ्या शेवटी काढाव्यात. रस्त्यावर टाकलेले मीठ आणि बर्फ जोडांत गच्च बसलेले असते, त्यामुळे कोमट पाण्याची बाटली आणि तारेचा ब्रश जवळ असू द्यावा. मोटारीचा गिअर ओढण्यासाठी खास स्थितीत ठेवलेला असतो, तो पुस्तिकेप्रमाणे नेहमीच्या स्थितीत आणायला विसरू नये. मोटार दोनचाकी डॉलीवर (मोटारीची पुढची चाके चढवून ओढायच्या छोट्या गाड्यावर) असेल, तर मोटार उतरवल्यावर रिकामी डॉली मोटरहोममागेच राहते. ती हलकी असल्यामुळे बर्फात उड्या मारते आणि कडेला सरकते, म्हणून शक्य असेल तर डॉलीसह घाटात जाऊच नये.

काही कारणाने मोटार जोडलेलीच न्यावी लागली, तर पूरक ब्रेक चालू आहे याची खात्री करावी आणि त्याचा जोर कमी ठेवावा, कारण जोर जास्त असेल तर बर्फावर मोटारीची चाके जाम होतात आणि ती आडवी फिरते. परंतु मी पुन्हा सांगतो, ही वाट मी स्वतः धरणार नाही.

साखळी चढवणे

साखळी लावायची वेळ ठरवताना बहुतेक माणसे चुकतात. चाके घसरू लागल्यावर साखळी लावू असे ते ठरवतात, आणि चाके नेमकी चढावर, वळणावर किंवा मागून ट्रक येत असताना घसरतात. फलक लागण्याची वाट न पाहता, चढ सुरू होण्यापूर्वीच्या शेवटच्या सपाट आणि रुंद जागी थांबावे. आपल्या कन्नड घाटात अनुभवी चालक खालीच ब्रेक आणि टायर तपासतो, मग घाटाला लागतो, तीच सवय येथे उपयोगी पडते.

लागणारे साहित्य थोडे आहे. कोपरापर्यंतचे पाणी न शिरणारे हातमोजे, गुडघ्याखाली टाकायला जाड रबराचा तुकडा, डोक्याला बांधायची विजेरी, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट, साखळी आवळण्याची किल्ली, पकड, थोडी बांधकामाची तार, दोन-चार जादा कड्या, लहान फावडे आणि पिशवीभर वाळू. जाकीट घालायला लाजू नये. रस्त्याकडेला वाकून काम करणारा माणूस बर्फात मागून येणाऱ्या चालकाला दिसतच नाही. म्हणून रस्त्याच्या बाजूचे चाक करताना एका माणसाने केवळ येणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेवावे, दुसरे काही करू नये.

साखळी जमिनीवर पूर्ण पसरावी आणि कुठेही पीळ राहिलेला नाही हे हाताने कडी-कडी चाचपून पाहावे. या ठिकाणी पाच मिनिटे जास्त गेली तरी चालतील, कारण एक पीळ राहिला तर साखळी कधीच घट्ट बसत नाही. आडव्या कड्या ज्या आकड्यांनी (हुकांनी) जोडलेल्या असतात त्यांची उघडी टोके बाहेरच्या बाजूला, म्हणजे टायरपासून दूर आली पाहिजेत, अन्यथा ती टायरची कड कापतात. माझ्या दुकानात आपल्या ट्रकांचे असे कापलेले टायर येतात, तारेने गुंडाळलेल्या साखळीने कडेला ओरखडा पाडलेला असतो आणि आतला कापडी थर पांढरा होऊन बाहेर डोकावत असतो. तसा टायर मी दुरुस्त करून देत नाही, बदलायलाच सांगतो.

मग दोघांनी मिळून साखळी टायरच्या माथ्यावर चादरीसारखी टाकावी आणि दोन्ही बाजूंना सारखी लोंबू द्यावी. टोके टायरच्या खाली जमिनीजवळ येतात, ती पुढे किंवा मागे मोकळी ठेवून, ज्या भागावर टायर टेकलेला आहे तो वर येईल एवढीच गाडी अर्धा-एक मीटर पुढे घ्यावी. या वेळी चालक खिडकीतून बाहेरच्या माणसाचा आवाज ऐकत असला पाहिजे आणि चाकाजवळच्या माणसाने हात पूर्ण बाजूला घेतल्यावरच गाडी हलली पाहिजे. "चल" म्हणायचे एकाच माणसाने, आणि तेही मोठ्याने. माझ्या भावाला मी याच वेळी म्हणालो होतो, "घाई करू नको भो, माझी बोटे अजून आत आहेत."

आतली कडी आधी जोडावी. ती दिसत नाही, हात घालून चाचपूनच जोडावी लागते, आणि बर्फाचे पाणी बाहीतून कोपरापर्यंत येते. शक्य तितकी आतली कडी आवळून, शिल्लक राहिलेल्या कड्या मोजाव्यात आणि बाहेरच्या बाजूला तेवढ्याच शिल्लक ठेवून ती जोडावी, म्हणजे साखळी टायरच्या मधोमध बसते. त्यानंतर बाहेरचे आवळणारे खटके किल्लीने एकामागून एक फिरवावेत. शेवटी रबराचा ताणपट्टा लावावा, त्याचेही आकडे बाहेर तोंड करून. शिल्लक राहिलेले टोक लोंबते ठेवू नये, तारेने किंवा आकड्याने साखळीलाच घट्ट बांधावे. साखळी बसावी म्हणून टायरची हवा कधीही कमी करू नये. हवा कमी असलेला टायर भाराखाली तापतो आणि फुटतो, आणि पुन्हा हवा भरायला खिंडीत कोणी नसते.

हेच दुसऱ्या बाजूच्या चाकाला करावे. एकाच बाजूला साखळी लावून जाऊ नये, त्याने गाडी एका अंगाला ओढते. नंतर पाचशे ते आठशे मीटर सावकाश जाऊन पुन्हा थांबावे आणि साखळी पुन्हा आवळावी. पहिल्या फेऱ्यांत कड्या आपापल्या जागी बसतात आणि ढील पडतेच पडते. ही दुसरी थांबणी टाळणाऱ्यांचीच साखळी सुटते.

कॅलिफोर्नियाच्या काही खिंडींत क्रमांकाचा बिल्ला लावलेली माणसे पैसे घेऊन साखळी चढवून देतात. ती साखळी विकत किंवा भाड्याने देत नाहीत, त्यामुळे साखळी आपलीच असावी लागते. वयस्कर आई-वडील सोबत असतील आणि हात चालत नसतील, तर या बिल्लेवाल्यांची मदत घेण्यात कमीपणा नाही. पावती घ्यावी आणि बिल्ल्याचा क्रमांक लिहून ठेवावा.

चालवताना

साखळी लावलेल्या गाडीत एकसारखी खडखड ऐकू येते आणि सुकाणूत थरथर जाणवते. पहिल्यांदा ती ऐकून भीती वाटते, परंतु एकसारखी खडखड ठीक आहे. तिच्यात मध्येच ठराविक अंतराने "फट्-फट्" असा आवाज येऊ लागला, तर कडी सुटून चाकाच्या खोबणीवर आपटते आहे असे समजावे आणि लगेच जागा पाहून थांबावे. आमच्या दुसऱ्या फेरीत असा आवाज आला तेव्हा उतरून पाहिले, तर एका आडव्या कडीचा आकडा उघडला होता आणि तिने मागचा रबरी चिखलपडदा अर्धा फाडला होता. तिच्यामागे चार बोटांवर सस्पेन्शनचा फुगा होता. आणखी दोन किलोमीटर गेलो असतो, तर तो गेला असता.

क्रूझ कंट्रोल बंद ठेवावे. घाट उतरताना आपण एरवी एक्झॉस्ट ब्रेकवर (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणाऱ्या ब्रेकवर) किंवा खालच्या गिअरवर भिस्त ठेवतो, परंतु एक्झॉस्ट ब्रेकचा सारा जोर ताकदीच्या चाकांवरच येतो आणि निसरड्या जागी तीच चाके घसरून गाडीची मागची बाजू पुढे येऊ पाहते. बर्फावर तो बंद करावा. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि वेग इतका कमी ठेवावा की ब्रेक हळूच टेकवूनही पुरेल. चढावर चाक फिरत राहिले आणि गाडी सरकेना, तर पेडल दाबत राहू नये. जागीच फिरणाऱ्या चाकावर साखळी तुटते आणि तुटलेले टोक चाबकासारखे आतल्या नळ्यांवर बसते. थांबून चाकापुढचा बर्फ फावड्याने काढावा, वाळू टाकावी आणि अगदी हलक्या पायाने पुन्हा सुरुवात करावी. बर्फ शून्य अंशाच्या आसपास सर्वात निसरडा असतो, कडाक्याच्या थंडीत तो कमी निसरडा होतो, त्यामुळे दुपारी पारा थोडा चढला म्हणून सैल होऊ नये. पूल रस्त्याच्या आधी गोठतात, कारण त्यांच्या खालूनही वारा लागतो.

दोन गाड्या वेगळ्या जात असतील, तर चढावर मोटार पुढे असावी, म्हणजे मोटरहोम मागे सरकले तरी ती त्याच्या वाटेत नसेल, आणि उतारावर मोटार मागे असावी. माथ्यावरच्या रुंद जागी थांबून हा क्रम बदलावा, तेथेच साखळ्याही पुन्हा तपासाव्यात. मोटरहोमच्या पुढच्या चाकांना साखळी नसते, त्यामुळे वळण्याची पकड पूर्वीइतकीच कमी आहे हे लक्षात ठेवावे आणि वळणाच्या आधीच, सरळ रस्त्यावर, वेग उतरवावा.

उतरवणे

कोरडे डांबर लागले की पुढच्या पहिल्या सुरक्षित जागी साखळी काढावी. कोरड्या रस्त्यावर ती टायरही खाते, रस्ताही खाते आणि स्वतःही झिजते. बाहेरची बाजू आधी सोडवावी, मग आतली, आणि साखळी जमिनीवर पडू देऊन गाडी सावकाश तिच्यावरून पुढे घ्यावी. हात लावण्यापूर्वी ती गरम नाही ना ते पाहावे.

मुक्कामी पोहोचल्यावर साखळी गोड्या पाण्याने धुवावी, कारण रस्त्यावरचे मीठ रात्रीतून गंज धरते. जोडदांडा, खिळी आणि विजेचे प्लगही त्याच वेळी धुऊन घ्यावेत. साखळी पूर्ण वाळू द्यावी, तेलाचा हात फिरवावा, आणि ज्या कड्या अर्ध्याहून अधिक झिजल्या असतील किंवा ज्यांचा आकडा उघडला असेल त्यांना लाल रंगाचा ठिपका लावून त्या पुढच्या प्रवासापूर्वी बदलाव्यात. आमच्या साखळीची पिशवी भाऊ आता मोटरहोमच्या दाराजवळच्या कप्प्यात सर्वात वर ठेवतो, आणि पिशवीवर पुतण्याने मोठ्या अक्षरांत टायरचा आकडा लिहून ठेवला आहे.